सोलापूरचे ऊन आणि अपत्यप्राप्तीची तयारी : कोणते ऊन घ्यावे, किती घ्यावे, कोणते टाळावे

सोलापुरात उन्हाची टंचाई आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणारा आधी कपाळावरचा घाम पुसेल आणि मग हसेल. तरीही मूल होण्याची वाट पाहणारी जोडपी तपासणीला जातात, तेव्हा ड जीवनसत्त्व कमी असल्याचा अहवाल अनेकांच्या हाती येतो. भारतातील शहरांमध्ये झालेल्या पाहण्यांमध्येही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळलेली आहे. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. विड्या वळणारी स्त्री मांडीवर सूप घेऊन दिवसभर घरात बसलेली असते. यंत्रमागावरचा कामगार पत्र्याच्या शेडमध्ये असतो, जेथे उष्णता मुबलक असते पण ऊन अंगावर पडत नाही. दुचाकीवरून कार्यालयात जाणारी तरुणी सनकोट, हातमोजे, स्कार्फ आणि गॉगल यांत इतकी गुंडाळलेली असते की तिच्या त्वचेला सूर्य दिसतच नाही. अशा रीतीने आपण उन्हाची झळ पुरेपूर सोसतो आणि त्याचा लाभ मात्र बाहेरच ठेवतो.

या विषयात सर्वाधिक गोंधळ होतो तो ऊन ही एकच गोष्ट मानल्यामुळे. प्रत्यक्षात सूर्य आपल्या शरीरावर तीन वेगळ्या वाटांनी परिणाम करतो. डोळ्यांत शिरणारा प्रकाश शरीराचे घड्याळ लावतो आणि त्यामार्फत संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) वेळा ठरवतो. त्वचेवर पडणारे अतिनील किरण ड जीवनसत्त्व तयार करतात. आणि उन्हाबरोबर येणारी उष्णता पुरुषाच्या शुक्रजंतूंच्या निर्मितीला बाधते. या तिन्हींच्या वेळा निराळ्या आहेत, आणि म्हणून ‘रोज सकाळी कोवळे ऊन घ्या’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला पहिल्या कामासाठी उत्तम असला, तरी दुसऱ्या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

पुढे जाण्यापूर्वी अपेक्षा नीट ठरवलेली बरी. ऊन हे वंध्यत्वावरचे औषध नाही. स्त्रीचे वय, बीजविमोचन (बीजांडकोशातून बीजांड बाहेर पडणे) होते की नाही, गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही, वीर्यातील शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कशी आहे, या बाबी कितीतरी अधिक निर्णायक असतात. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नसतील, किंवा स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असून सहा महिने झाले असतील, तर पती-पत्नी दोघांनीही एकाच वेळी डॉक्टरांकडे जावे. निम्म्याच्या आसपास प्रकरणांत पुरुषाकडील कारणही असते, तेव्हा केवळ सुनेच्या तपासण्या करत राहण्याची आपल्याकडची रीत वेळ वाया घालवणारी आहे. खाली दिलेल्या गोष्टी या उपचारांच्या जोडीला करायच्या आहेत, त्यांच्या ऐवजी नव्हे.

सकाळचे ऊन : डोळ्यांसाठी

डोळ्यांच्या पडद्यामध्ये पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्यांचे काम केवळ बाहेर उजेड किती आहे हे मेंदूला कळवण्याचे असते. मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचे मुख्य घड्याळ असते आणि ते या निरोपावर चालते. दैनंदिन लयीमागील यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हायपोथॅलॅमसमधूनच ते संप्रेरकही स्रवते जे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला एलएच आणि एफएसएच ही प्रजननाची संप्रेरके सोडण्याचा आदेश देते, आणि पुढे त्यांच्यावर बीजांडकोश व वृषण यांचे काम चालते. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन हे लैंगिक संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त असते, म्हणून त्याची तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान करतात. दूधनिर्मितीचे संप्रेरक प्रोलॅक्टिन झोपेत वाढते. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल पहाटे चढते. ही सारी मंडळी घड्याळाच्या काट्यावर चालणारी आहेत.

रात्र पडली की मेंदूतील पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते आणि डोळ्यांवर तीव्र उजेड पडला की ते थांबते. हे संप्रेरक केवळ झोपेपुरते नाही. बीजांडाभोवतीच्या द्रवात त्याचे प्रमाण रक्तापेक्षा अधिक आढळते आणि तेथे ते बीजांडाला ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून वाचवण्यास मदत करते, असे मानले जाते. म्हणून दिवसा भरपूर उजेड आणि रात्री खरा अंधार या दोन्हींची जोडी सांभाळावी लागते.

करायचे ते असे. उठल्यापासून तासाभरात घराबाहेर पडावे आणि वीस ते तीस मिनिटे मोकळ्या उजेडात राहावे. सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा कंबर तलावाच्या परिसरात फेरी मारता आली तर उत्तम, अन्यथा घराची गच्चीही पुरेशी आहे. या वेळी गॉगल लावू नये, आणि सूर्याकडे रोखून कधीही पाहू नये. सोलापुरात जूनमध्ये सूर्योदय सहाच्या थोडा आधी आणि जानेवारीत सातच्या सुमारास होतो, म्हणून वेळ ऋतूनुसार थोडी सरकवावी, मात्र रोजची उठण्याची वेळ फारशी बदलू नये. खिडकीशी बसून चहा घेतला तर चालणार नाही का, असे विचारले जाते. घरातील उजेड सहसा शंभर ते पाचशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतकाच असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स आणि रखरखीत उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. शरीराच्या घड्याळाला हा फरक कळतो, आपल्या डोळ्यांना तितका जाणवत नाही इतकेच.

रात्रीच्या बाजूला झोपण्यापूर्वी तासभर आधी ट्यूबलाइट बंद करून मंद, पिवळसर दिवा लावावा आणि मोबाइल बाजूला ठेवावा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांनी रस्त्यावरचा दिवा थेट तोंडावर येणार नाही अशी जागा निवडावी. रात्रपाळीच्या कामगारांची अडचण खरी आहे, कारण रात्रपाळी आणि स्त्रियांच्या मासिक पाळीतील अनियमितता यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलेला आहे. कामाची पाळी बदलून घेणे शक्य नसेल, तर निदान दर आठवड्याला दिवसपाळी आणि रात्रपाळी अशी अदलाबदल टाळण्याचा प्रयत्न करावा, सकाळी घरी परतताना गॉगल लावावा आणि जाड पडदे लावून अंधाऱ्या खोलीत झोपावे. सकाळचे ऊन घेण्याचा वरील नियम त्यांनी उलटा करायचा, म्हणजे झोपून उठल्यावर बाहेर पडायचे.

आपल्या सावलीचे घड्याळ : त्वचेसाठी

ड जीवनसत्त्व हे नावाने जीवनसत्त्व असले तरी वागणुकीने संप्रेरकच आहे. त्वचेतील एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील-ब किरण पडले की त्याचे रूपांतर सुरू होते, पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन क्रियाशील संप्रेरक तयार होते. त्याला ओळखणारे ग्राहक (पेशींवरील संदेश पकडणारे रेणू) बीजांडकोशात, गर्भाशयाच्या अस्तरात, वारेत, वृषणात आणि खुद्द शुक्रजंतूंवरही आढळतात.

हे किरण वातावरणात सहज शोषले जातात. सूर्य खाली असताना त्यांना हवेच्या जाड थरातून तिरपे यावे लागते आणि वाटेतच ते बहुतांश संपतात. म्हणूनच सकाळी साडेसातचे सोनेरी ऊन अंगाला सुखावते, पण ड जीवनसत्त्व फारसे देत नाही. तिरुपती येथील संशोधकांनी केलेल्या प्रयोगांतही सकाळी अकरा ते दुपारी दोन या काळातच हे रूपांतर सर्वाधिक होत असल्याचे दिसले.

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सपाट जागी उभे राहावे आणि आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे आणि त्वचेला विशेष लाभ होणार नाही. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की वेळ योग्य झाली. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ही सोय येथे बाराही महिने मिळते. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही माध्यान्हीचा सूर्य येथे सुमारे ४९ अंशांवर असतो, तर त्याच वेळी लंडनमध्ये तो १५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. शिवाय आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, तर ऋतूनुसार बारा वाजून दहा ते चाळीस मिनिटांच्या दरम्यान. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर एका दिवशी सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते.

यातून वर्षाचे एक सोपे वेळापत्रक निघते. मे ते जुलै या काळात सावली सव्वानऊ ते साडेनऊच्या सुमारासच आखूड होते, म्हणजे उष्णता चढण्याआधीच काम उरकता येते. मार्चच्या मध्यानंतर आणि ऑक्टोबरमध्ये ही वेळ पावणेदहाच्या सुमारास येते. नोव्हेंबरमध्ये सव्वादहा-साडेदहा आणि डिसेंबर-जानेवारीत अकरा-सव्वाअकरापर्यंत थांबावे लागते, पण त्या दिवसांत दुपारचे ऊन अंगाला सोसवते. निसर्गाने येथे आपली सोयच पाहिली आहे असे वाटते : कडक उन्हाळ्यात उपयुक्त ऊन सकाळी लवकर मिळते आणि थंडीत ते दुपारी मिळते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत दुपारी फिरताना किंवा शेतावर हुरडा खायला बसताना स्कार्फ आणि सनकोट काढून ठेवला, तर त्या दिवसाचा वाटा सहज पदरात पडतो.

किती वेळ बसावे, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. गडद त्वचेतील मेलॅनिन किरण अडवते, म्हणून सावळ्या माणसाला गोऱ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. सुरुवात दहा मिनिटांनी करावी, आठवड्यातून तीन-चार दिवस ठेवावे आणि हळूहळू वीस ते तीस मिनिटांपर्यंत न्यावे. हात कोपरापर्यंत किंवा त्याहून वर, पोटऱ्या आणि पाठीचा उघडा भाग उन्हात यावा. चेहरा झाकला तरी चालतो, कारण त्याचे क्षेत्रफळ थोडे असते आणि वांग येण्याची भीती तेथेच अधिक असते. त्वचा लाल होणे किंवा चुरचुरणे ही फार उशिराची खूण आहे; त्याच्या बरेच आधी उठावे. ठरावीक मर्यादेनंतर त्वचा अधिक ड जीवनसत्त्व साठवत नाही, उलट तयार झालेले द्रव्य मोडू लागते, म्हणून तासभर बसण्यात नुकसानच आहे. काच हे किरण अडवते. त्यामुळे मोटारीच्या किंवा कार्यालयाच्या बंद खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा या कामासाठी उपयोग नाही.

स्त्रियांसाठी उघड्यावर बसण्याची जागा हीच खरी अडचण असते, हे मान्य केले पाहिजे. वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांनी गच्चीवर वाळवण घालण्याची, कपडे वाळत टाकण्याची कामे वरील वेळेत आणि बाह्या वर करून केली, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. विड्या वळणारीने पाने कातरण्याचे काम तेवढा वेळ अंगणात आणले तरी भागते.

ल्यूपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असलेल्यांनी हे काही करू नये, कारण उन्हाने तो आजार बळावतो. मुरुमांसाठी किंवा जंतुसंसर्गासाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची आणि रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायाझाइड घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला नाजूक होते. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

तपासणी आणि गोळ्या

प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ असे लिहिलेले असावे. सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर कमतरता मानतात. कमतरता असेल तर ती भरून काढावी, हाडांसाठी आणि पुढच्या गरोदरपणासाठी ते आवश्यकच आहे. परंतु त्याने गर्भ राहील असा शब्द कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. डेन्मार्कमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वंध्यत्व असलेल्या पुरुषांना ड जीवनसत्त्व देऊनही वीर्याच्या गुणवत्तेत एकंदर सुधारणा दिसली नाही. इटलीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टेस्ट ट्यूब उपचारांपूर्वी स्त्रियांना सहा लाख युनिटचा एकच मोठा डोस दिला गेला आणि गर्भधारणेचे प्रमाण वाढले नाही. दुसरीकडे, ज्यांच्यात हे जीवनसत्त्व कमी असते त्यांच्यात पीसीओएस (बीजांडकोश आणि संप्रेरके यांचा एक विकार), बीजविमोचनातील अडचणी किंवा कमी टेस्टोस्टेरॉन अधिक आढळते, असे निरीक्षणांत दिसते. दोन गोष्टी एकत्र आढळणे आणि एकीमुळे दुसरी होणे यांत अंतर आहे. लठ्ठ व्यक्ती बाहेर कमी पडते आणि तिच्या रक्तातील ड जीवनसत्त्वही कमी असते, एवढ्यानेही असा संबंध दिसू शकतो. अतिनील-ब किरणांमुळे लैंगिक संप्रेरके वाढतात, असे इस्रायलमधील संशोधकांना मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. त्यावरून गच्चीवर तासन्‌तास पडून राहण्याचा निष्कर्ष काढू नये.

औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटच्या पुड्या आणून मनाने घेत राहणे धोक्याचे आहे. उन्हातून जास्तीचे ड जीवनसत्त्व होऊन विषबाधा होत नाही, पण गोळ्या आणि इंजेक्शनांतून होते. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडू शकतात. आहारातून हे जीवनसत्त्व थोडेच मिळते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांत ते नाही; अंड्याचा बलक, मासे आणि ‘प्लस एफ’ खूण असलेले पोषणयुक्त दूध व तेल यांतून काही भर पडते.

फॉलिक आम्लाची गोळी मात्र दिवस जाण्याच्या आधीपासूनच, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात सुरू करावी. तीव्र अतिनील किरणांनी रक्तातील फोलेट (फॉलिक आम्लाचे नैसर्गिक रूप) घटू शकते, असे काही संशोधनांत दिसले आहे. आपल्यासारख्या प्रखर उन्हाच्या प्रदेशात ही गोळी न चुकवण्याचे ते आणखी एक कारण धरावे.

उष्णता : पुरुषांनी टाळायची गोष्ट

वृषण शरीराबाहेर असण्याचे कारणच हे आहे की शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये परिस्थिती त्याहून बिकट असते. यंत्रमाग कामगार, बेकरीतील आणि भट्टीवरील कामगार, इंजिनाच्या उष्णतेशेजारी तासन्‌तास बसणारे ट्रकचालक आणि रिक्षाचालक यांना हा त्रास अधिक होतो, आणि चालकांना तर दुहेरी, कारण बराच वेळ बसून राहण्यानेही त्या भागाचे तापमान वाढते.

त्यांनी सैल सुती अंतर्वस्त्रे वापरावीत, घट्ट जीन्स कामावर घालू नये, दर तासाला उठून पाच-दहा मिनिटे सावलीत फिरावे आणि लॅपटॉप मांडीवर ठेवू नये. उन्हाळ्यात गरम पाण्याने अंघोळ करण्याचा हट्टही सोडावा. मालकांनी शेडच्या पत्र्यावर पांढरा रंग लावला किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकले, तर आतली धग बरीच कमी होते, आणि त्याचा खर्चही फार नाही. सावलीच्या घड्याळानुसार ऊन घेताना पुरुषांनी हात, पाय आणि पाठ उन्हात ठेवावी, कमरेचा भाग सुती पंचाने झाकावा.

एक शुक्रजंतू पूर्ण घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि बाहेर येईपर्यंत जवळपास तीन महिने होतात. याचा अर्थ मे महिन्याच्या उन्हाळ्याचा परिणाम जुलै-ऑगस्टच्या अहवालात दिसतो. पाऊस पडला, हवा थंड झाली, तरी अहवाल वाईट का, असे त्या वेळी वाटते, आणि घाईने उपचार सुरू होतात. पहिल्या अहवालात दोष आढळला तर वरील बदल तीन महिने पाळून तपासणी पुन्हा करून घ्यावी, म्हणजे खरी स्थिती कळते. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर मात्र तिचे उपचार त्यासाठी थांबवू नयेत.

स्त्रियांच्या बाबतीत उष्णतेची काळजी दिवस राहिल्यावर घ्यायची आहे. गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत शरीराचे तापमान फार वाढणे गर्भाच्या मज्जारज्जूला घातक ठरू शकते, म्हणून पाळी चुकल्याचे लक्षात आल्यापासून भर दुपारी शेतात राबणे किंवा बंद खोलीत चुलीसमोर तासन्‌तास बसणे टाळावे, भरपूर पाणी प्यावे, आणि ताप आल्यास अंगावर काढू नये.

उन्हाळ्यात वीर्यतपासणीला जाणाऱ्यांसाठी शेवटची एक सूचना आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. नमुना घरी घेतला असेल तर तो तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे आणि वाटेत त्याचे तापमान २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहिले पाहिजे. उन्हात उभ्या केलेल्या दुचाकीची डिकी मे महिन्यात याहून कितीतरी अधिक तापते आणि त्यातील शुक्रजंतू पोहोचण्याआधीच निकामी होतात. म्हणून शक्यतो नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. ते शक्य नसल्यास सकाळी लवकर निघावे, डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगालगत ठेवावी, बर्फात किंवा थंड पिशवीत ठेवू नये, आणि डबीवर नमुना घेतल्याची वेळ लिहून ती काउंटरवर स्वतः सांगावी.